एकतीस अंशांची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे, चंद्रपूरच्या एका लॅबमधली. मला इन्क्युबेटर म्हणतात. जखमेतला पू काचेच्या बशीत पसरून माझ्या आत ठेवतात, म्हणजे जंतू वाढतात आणि ओळखू येतात. अंगाइतकी, सदतीस अंशांची ऊब देणे हे माझे काम. तरुणपणी माझे फार कौतुक झाले. आता माझा पारा एकतीसच्या वर जात नाही. नवी पेटी आली आणि माझ्या दारावर 'भंगार' अशी चिठ्ठी लागली. मी ती मुळीच मानली नाही. लॅब सांभाळणाऱ्या सुलतानाबाईंनीही माझी पिन काढली नाही.

मग जंगलाकडच्या गावची बुधरी आली. तिचे मनगट मोडले होते. ऑपरेशन झाले, पण टाके सुकता सुकता मनगट पुन्हा सुजले. औषधे झाली, जखम दोनदा उघडून धुतली. नव्या पेटीतल्या बशीत पाच दिवसांत काहीच उगवले नाही. डॉक्टर म्हणाले, ही पाला बांधत असणार, असेच चालले तर हात जाईल. पाला तिने बांधलाच नव्हता. मला भयंकर राग आला.

सुलतानाबाईंनी तिला शेजारी बसवले. "बाई, टाके होते तवा तुमी कोनतं काम केलं?"

बुधरीने आधी हात पदराखाली घेतला. डॉक्टरांनी हात भिजवू नको म्हणून बजावले होते. मग म्हणाली, "गावची बोडी आटली होती. सारे मासे धराले गेले. नाई गेलं तर घरचा वाटा नाई भेटत. एका हातानं मासा धरता येते काय?"

बोडी म्हणजे गावचे लहान तळे. माशांच्या पाण्यातल्या एका जंतूला सदतीस अंश सोसत नाहीत, हे सुलतानाबाईंना ठाऊक होते. त्यांनी नव्याने पू घेऊन बशी माझ्याकडे दिली. पाचव्या दिवशी बशी कोरीच होती. टाकून द्या, असे सगळे म्हणाले. बाई हलल्या नाहीत, मीही थंड पडले नाही. बाराव्या दिवशी बारीक ठिपके उगवले. उजेडात ठेवल्यावर ते पिवळे झाले. चोर सापडला!

योग्य गोळ्या कित्येक महिने चालल्या आणि बुधरीचा हात वाचला. परवा ती लॅबमध्ये आली आणि सगळ्यांसमोर तिने मूठ घट्ट आवळून दाखवली.

मित्रांनो, जखम भरत नसेल तर माणसाला दोष देऊ नका. तो हात दिवसभर कशात असतो, एवढे आधी विचारा.