वळणावरचा टक्

मोटार शिकवणाऱ्या बाईला सगळे मॅडम म्हणत. थोरला भाऊसुद्धा म्हणे, पण तो चिडवायला. त्याचं गॅरेज होतं आणि तिची शिकवणीची गाडी तिथेच दुरुस्तीला जायची.

"दादा, स्टिअरिंग फिरवलं की पायापाशी टक् वाजतं. नीट ऐक," ती म्हणाली.

भावाने बॉनेटखाली डोकं घातलं. तिने स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. टक्. उजवीकडे फिरवलं. पुन्हा टक्.

"मला तर काही ऐकू येत नाही," तो म्हणाला.

"अरे, एवढं स्पष्ट वाजतंय!"

"चार दिवसांपूर्वी मीच स्टिअरिंगचा जुना रॅक उतरवून नवा बसवला ना? नव्या सामानाची कुरकुर असेल."

तरीही त्याने ऑइल पाहिलं, पट्टा दाबून पाहिला, पुढची चाकं जॅकवर उचलून हलवली. सगळं घट्ट. "ठणठणीत आहे. जा बिनधास्त."

मॅडमचं मन खात होतं. पण याच माणसाला पूर्वी लोक फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवत आणि तो घरबसल्या रोग सांगे. त्याच्यापुढे आपण काय बोलणार, असं म्हणून तिने गाडी काढली.

अकराची शिकवणी एका नर्सबाईंची होती. दोन दिवसांनी त्यांची परीक्षा होती, म्हणून आज टेकडीचा उतार. मॅडम शेजारच्या सीटवर बसली. तिच्या पायाशी वेगळा ब्रेक होता.

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्या वळणावर नर्सबाईंनी स्टिअरिंग फिरवलं आणि खालून टक् नाही, खडाड् असा आवाज आला. स्टिअरिंग फिरलं, गाडी मात्र नाकासमोर सरळच चालली.

"मॅडम, वळत नाहीये!"

समोर गुडघाभर उंचीचा कठडा होता, पलीकडे खाली घरांची छपरं. मॅडमने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले आणि हँडब्रेक खेचला. टायर किंचाळले. गाडी थांबली तेव्हा बंपर आणि कठडा यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं.

नर्सबाईंची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. "मी काय चुकले?"

"तुम्ही नाही, मी चुकले. आवाज येत होता, तरी गाडी काढली." मॅडमचे ओठ कोरडे पडले होते.

"तुमची नाडी बघू का?"

"आधी स्वतःची बघा."

दोघी हसल्या.

भावाचा फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा गॅरेजमधल्या वेल्डरने उचलला. वीस मिनिटांत दोघं टेम्पो घेऊन आले. कठडा पाहून भावाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने चाकांखाली दगड लावले, आडवा होऊन डोकं पेडलांपाशी घातलं आणि वेल्डरला म्हणाला, "हलकेच फिरव."

वेल्डरने फिरवलं. खडाड्! बाहेर उभ्या असलेल्या नर्सबाई दचकल्या. भावाच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. डोळे मिटून तो अजून वाटच पाहत होता.

मॅडमला सकाळचं सगळं उलगडलं.

मग त्याने हात आत घालून स्टिअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट मुठीत धरला. "परत फिरव." या वेळी धक्का त्याच्या बोटांना लागला. त्याने डोळे उघडले. "जॉइंटचा बोल्ट हाताने फिरतोय. दाते झिजलेत, दांडा आतल्या आत घसरतोय."

वेल्डर चाचरत म्हणाला, "रॅक बसवताना मी खालून ओरडलो होतो, माझा हात पोचत नाही, जॉइंटचा बोल्ट तू वरून आवळ. तू मान हलवलीस."

"हलवली असेन. हल्ली मी सगळ्यालाच मान हलवतो."

"केव्हापासून?" मॅडमने त्याच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं विचारलं.

"वर्ष होईल."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"बहिऱ्या मेकॅनिककडे कोण गाडी आणेल गं?"

"आणि आज आम्ही दोघी खाली गेलो असतो म्हणजे?"

तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. नर्सबाई त्याच्यापुढे उकिडव्या बसल्या आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "उद्या नऊ वाजता आमच्या दवाखान्यात कान तपासायला या. नाही आलात, तर मी गॅरेजमध्ये येईन."

टेम्पोने गाडी ओढून नेली. त्याच दुपारी नवा जॉइंट आणि नवा बोल्ट बसला. भावाने आवळला, वेल्डरने पाना लावून तपासला, मॅडमनेही तपासला. मोकळ्या मैदानात तिने स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवलं. चूं नाही की चां नाही. भाऊ तिच्या तोंडाकडे टक लावून उभा होता. तिने मान हलवली, तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

पण तो घरी गेला नाही. "या महिन्यात मी आणि वेल्डरने मिळून केलेल्या गाड्या अकरा. सगळ्यांना बोलावून घे. फोनवर मला काही कळत नाही."

तिने अकरा फोन केले. पुढच्या दोन दिवसांत दहा गाड्या चोख निघाल्या. अकरावी एका पाववाल्याची व्हॅन होती. तिच्या मागच्या चाकाचे दोन नट सैल होते. वेल्डरचा चेहरा उतरला. भावाने स्वतः गुडघ्यावर बसून ते आवळले आणि उठून पाववाल्याला म्हणाला, "मला कमी ऐकू येतं. काम सांगण्या-समजण्यात घोळ झाला. चूक माझी."

पाववाला चाकाकडे बघत राहिला. रोज पहाटे तो याच व्हॅनमधून बायकोला घेऊन निघायचा. राग त्याच्या कपाळावर चढला आणि थोडा वेळ तिथेच राहिला.

"बरं," शेवटी तो मोठ्याने म्हणाला. "आता बाकीची तीन चाकं माझ्यासमोर बघ."

भावाने पाना उचलला.