फळ्यावरची उतरती ओळ

खडूचं टोक फळ्यावर, आणि लिहिणारीचं तोंड वर्गाकडे. दैवशालाबाई अशाच लिहितात, खेकड्यासारख्या आडव्या सरकत. त्यामुळे ‘पाणी उताराकडे वाहते’ हे वाक्य डावीकडे वर सुरू होऊन उजवीकडे पार खालच्या चौकटीला टेकतं.

“बाई, तुमच्या ओळी घसरून राह्यल्या,” मुख्याध्यापक काकासाहेब सकाळीच म्हणाले होते. “आज केंद्रप्रमुख येणार हायेत. जरा बराबर सरळ लिहा.”

त्यांना काय सांगायचं? की हैदराबादच्या हॉटेलात कॅबरे करताना, मिस शबनम असताना, डान्समास्टरनं बजावलं होतं – पब्लिकला पाठ दाखवायची नाही, दाखवलीच तर कमरेत लचक हवी... केंद्रप्रमुखांपुढे लचक कशी चालेल! पण खरं कारण तेही नाही. ज्या परतुरात मी मुलगा म्हणून, संपत या नावानं पाटी गिरवली, तिथेच बाई म्हणून रुजू झाले, पहिल्याच दिवशी फळ्याकडे वळले आणि मागून टाळी आली. तीच ती. तळहात आडवे, बोटं पसरलेली – नाक्यावर मला पाहून पोरं वाजवतात ती. वळून पाहिलं तर सगळा वर्ग कसा अगदी शहाण्यासारखा गप्प. डी.एड. झालं, निऱ्या जमल्या, पण त्या टाळीचं काय करायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून मी वर्गाकडे पाठ करत नाही. भीती वाटते, दुसरं काही नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली. “या साहेब, या!” काकासाहेबांचा आवाज.

बाईंनी ओळ पुसली, खडू घट्ट धरला आणि वळल्या. आता पाठीवर सगळा वर्ग... ब्लाऊज नीट आहे ना... ‘पाणी’ सरळ आलं. ‘उताराकडे’सुद्धा जवळजवळ सरळ. आणि मागून टाळी.

कुणी डास मारला असेल. नसेलही. पण आतली शबनम मात्र वैतागली – ही काय टाळी झाली?

“कच्ची आहे,” बाई न वळताच म्हणाल्या. “हात खोलगट नका धरू. बोटं ताठ, मग आवाज भिंतीपर्यंत जातो.”

पहिल्या बाकावरची प्रीती म्हणाली, “बाई, मंग गॅदरिंगला आमाला नाच शिकवता का?”

वर्ग खो खो हसला. बाईंनाही हसू फुटलं, खांदे हलले, ‘वाहते’मधला ‘वा’ थोडा थरथरला. दारात चपला वाजल्या, कुणीतरी खाकरलं. पण ओळ अजून पुरी व्हायची होती, आणि ती झाल्याशिवाय बाई वळणार नव्हत्या.