शेगडीमागची भिंत

"भिंतीला लावायचंय की चाटायचंय?" बाबा पुटपुटले. त्यांच्या मते ते मनातल्या मनात होतं. ऐकलं मात्र बाहेरच्या खोलीपर्यंत सगळ्यांनी.

सुनेने हसू गिळलं, टाइलचा तुकडा शेगडीमागच्या उघड्या भिंतीला टेकवला आणि दोन पावलं मागे सरकली. पुन्हा पुढे आली, तो सरळ केला. मागे सरकली. जुन्या टाइल्स कालच फोडून काढल्या होत्या आणि मागे खरवडलेलं सिमेंट उरलं होतं. उद्या सकाळी मिस्त्री येणार, आणि ओट्यावर दुकानातून आणलेले चार नमुने अजून ताटकळत पडलेले: टाइल, काळा ग्रॅनाइट, रंगीत काच आणि स्टीलचा हातभर पत्रा. तिला टाइल हवी होती, फिकट, न चमकणारी, डोळ्यांना निववणारी. सासऱ्यांना पत्रा.

"हॉटेल काढायचंय का यांना?" नवरा दारातून म्हणाला. बाबांच्या पाठीमागे उभं राहून बाबांबद्दल बोलायची घरात हल्ली सवयच झाली होती.

"हळू," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिलाच वाटलं, हळू कशाला?

उभा जन्म छापखान्यात यंत्राच्या खडखडाटात काढून बाबा घरी बसले, तेव्हा हे दोघं नोकरीला जातात म्हणून त्यांनी स्वयंपाकघर आपणहून अंगावर घेतलं. चारचौघांत मिरवावा असा त्यांचा हात होता. पण गेले काही महिने ते कुकरच्या शिट्ट्या मोजत नसत, समोर उभं राहून वाफेवर डोळा ठेवत. दारावरची बेल, त्यांच्या मते, बिघडली होती. घरात प्रत्येकाने आपला आवाज चढवला होता आणि कुणीच त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं. मागच्या आठवड्यात तिने पाठीमागून येऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. ते दचकले आणि तापलेली कढई मनगटाला चाटून गेली.

"माझाच वेंधळेपणा," ते म्हणाले होते. तिनेही नवऱ्याला तेच सांगितलं. खरं सांगितलं असतं तर त्याने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाला बाई ठेवली असती. तसं त्याने बोलूनही दाखवलं होतं. मग बाबांनी दिवसभर करायचं काय, खिडकीतून रिक्षा बघायच्या?

"बाबा, ही बघा ना नीट!" तिने टाइल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती दाराच्या दिशेने तिरकी धरली, क्षणभर पाहिलं आणि ठेवून दिली. ग्रॅनाइटही तसाच तिरका धरला.

"काळंकुट्ट."

"आणि काच?"

"हिच्यात सगळीच भुतं."

तिला वाटलं, उजेड बघतायत. तिने पुसलेला ओटा पुन्हा पुसला, मग फडकं पिळून गॅलरीत वाळत घालायला निघून गेली. तिथेही करमेना. आल्या पावली परतली.

बाबांनी पत्रा शेगडीमागे उभा केला होता आणि दाराकडे पाठ करून चहा टाकला होता. ती उंबरठ्यावर थबकली. अनवाणी होती, बांगडीसुद्धा वाजली नव्हती.

"ये, होतोच आहे," ते वळूनही न बघता म्हणाले.

ती होती तिथेच उभी राहिली. मग एक पाऊल बाजूला, भिंतीच्या आड सरकली.

"बाबा," तिने हाक मारली.

ते गाळणं शोधत होते.

"बाबा!"

गाळणं सापडलं. त्यांनी ते कपावर ठेवलं. ती परत दारात आली, तशी पातेल्यामागच्या पत्र्यात एक निळी रेघ हलली. तिच्याच ड्रेसची.

"तुझ्यात साखर कमी घालतोय," बाबा पत्र्याकडे बघत म्हणाले.

तिने दाराची चौकट धरली.

"ठरलं का एकदाचं?" नवरा मागून आला. "मिस्त्रीला फोन करायचाय."

"पत्रा."

"तूसुद्धा? अगं, ओरखडे पडतात, बोटं उमटतात. दिवसभर पुसत बसशील."

"बसेन."

"पण का?" त्याने दोन्ही हात पसरले. "सकाळपासून टाइल-टाइल करून डोकं खाल्लंस आणि आता पत्रा?"

शब्द तिच्या ओठांवर आले. बाबांच्या मनगटावरची पट्टी दिसली आणि तिने ते परत गिळले. "मला आवडला म्हणून!" तिचेही हात हवेत गेले. "जरा हळू बोल."

"हळू कशाला बोलू? त्यांना कुठे—"

दोघांचेही हात खाली आले.

बाबांनी गॅस बंद केला. पत्र्यात एक निळी आणि एक पांढरी आकृती उभी होती. त्यांनी तिसरा कप गाळला, गाळणं झटकलं. वळले मात्र नाहीत.

"थांबलात का?" ते म्हणाले. या खेपेला आवाज खरंच हळू होता. "हातवारे चालू द्या रे. तेवढंच कळतं मला."

मग कपाचा कान सुनेच्या बाजूला फिरवत ते म्हणाले,

"ऐकू येत नाही मला."