गोळीवर दूध

घटक

घरच्या म्हशीचं दूध, पेलाभर. व्हॅनिला चवीची प्रोटीन पावडर, दोन चमचे. साखर, आत्यांचा हात वळेल तेवढी. आणि जिभेवर आधीच ठेवलेली कंपवाताची गोळी.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, शालनबाई. गोळी मामांची, म्हणजे सासऱ्यांची. आबाजी म्हटलं की कुरुळीत कुणीही घर दाखवतं.

पावडर माझी.

कसे घ्यावे

आमच्या घरात औषध दुधाबरोबरच घेतात. पाण्याबरोबर गोळी गिळायची ती ज्याच्या दारात दुभतं नाही त्यानं. जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या, तरी खोल्यांच्या मागे एक म्हैस राहिली. मामांनी ठेवली. रोज सकाळी उठून तिच्याकडे जायचं, पाठीवर हात फिरवायचा, मग दिवस सुरू.

त्यांचं वजन उतरत होतं. मी चाकणला कंपनीत पगारपत्रकं करते. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर वाचत बसायचे. हे घ्या, ते घ्या, आणि प्रत्येक डब्यावर पळायला निघालेला एक म्हातारा. आधी मी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणल्या.

"माशाचं?" मामांनी गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरली. "मग ही काढून ठिवू का खुंटीला?"

"ठिवा की," आत्या म्हणाल्या. "मासं गिळून नदीत पवाया लागला तर आळंदीपातूर सोताच जाल."

कॅप्सूल गेल्या. पावडर आली.

अपेक्षित फायदे

मामा गोठ्याच्या उंबऱ्यात थांबायला लागले. म्हणजे थांबत नव्हते. अडकायचे. एक पाय पुढं, अंग पुढं, आणि दोन्ही तळवे जमिनीला शिवल्यासारखे.

"आवं, उचला की."

"उचलतोय की. पायाला कुनी सांगंना."

आतून म्हैस हंबरायची. मामांचा थरथरता हात चौकटीवर ताशा वाजवायचा.

अंगात ताकद नाही, आत्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी पेला मोठा आला. मी तिसरा चमचा टाकला. ते जास्त अडकले. आम्ही आणखी...

हो, तेच. आणखी.

एका सकाळी ते तिथंच कोसळले. लागलं नाही फार, कोपर खरचटलं. ओंकार, माझा नवरा, त्यांना उचलून खाटेवर बसवताना म्हणाला, "बास झालं आता. रविवारी गिऱ्हाईक बोलावतो. म्हैस नसली की गोठ्यात जायला नको आणि पडायला नको."

 मामांनी थरथरणारा हात मांडीखाली दाबून धरला. एवढ्या वर्षांत मी त्यांना हात लपवताना कधी पाहिलं नव्हतं.

अक्षर बारीक आहे, नीट वाचावे

चिंचवडच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे आम्ही चौघं गेलो, मी डबाच घेऊन. त्यांनी तो फिरवून पाहिला.

"वजनासाठी चालेल. पण कुठल्याही डब्यानं हा आजार थांबतो असं सिद्ध झालेलं नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि पुढचं काही आणायच्या आधी मला विचारा." मग सहज विचारावं तसं, "गोळी कशाबरोबर घेता?"

आत्यांनी पदर सावरला. "दुधाबरुबर. घरच्या. कोरडी कंदीच न्हाई दिली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. दुधातलं, पावडरीतलं प्रोटीन आणि ही गोळी एकाच दारातून आत जातात, ते म्हणाले. दारात गर्दी झाली की गोळी मागं राहते. सगळ्यांना सारखा त्रास होत नाही, काहींना जास्त होतो. आधी गोळी, साध्या पाण्याबरोबर. दूध अर्ध्या-पाऊण तासानं. दूध बंद नाही.

"दूध बंद नाही," त्यांनी पुन्हा सांगितलं, आत्यांकडे बघून.

परतताना गाडीनं मोशी ओलांडली.

"म्हंजी मीच बांधून घातलं त्यास्नी," आत्या खिडकीला म्हणाल्या.

"पावडर माझी होती, आत्या."

"पावडर कालची गं. दूध पैल्यापास्नं हाय."

पुढच्या सीटवरून मामा, मान न वळवता: "गोळी कडू लागती म्हनून मीच दूध मागायचो. तू कशाला मधी पडतीस, शालन? समद्याचं मोठंपन तुलाच पायजे."

"गप बसा."

"बसलोयच."

ओंकार गाडी चालवत होता. त्यानं आरसा उगाच नीट केला.

पुढची सकाळ. हे कुठल्याच डब्यावर नाही.

आत्यांनी गोळी दिली आणि तांब्या दिला. मामांनी तोंड वेडंवाकडं केलं. दुधाचा पेला आत्यांच्या हातात, वर ताटली. खाली ठेवायला त्या तयार नाहीत. द्यायची सोय नाही.

"दे की."

"दम धरा."

"निवलं ते."

"निवू द्या."

बाहेर कंपनीच्या बस निघून गेल्या. भाडेकरूंचा नळ सुरू झाला, बंद झाला. आत्या तशाच बसून, जणू ताटलीखाली काही उडून जाईल.

मग मामा उठले. भिंत धरून, सावकाश. गोठ्याच्या उंबऱ्यापाशी थबकले. आत्यांचा मोकळा हात अर्धा उचलला गेला आणि त्यांनीच तो खाली घेतला. मामांनी उंबऱ्याकडं पाहिलं, पाय जरा जास्तच वर उचलला, ओढ्यावरून टाकावा तसा, आणि पलीकडं ठेवला. मग दुसरा.

ओंकार तोंडात ब्रश घेऊन दारात उभा होता. त्यानं चूळ भरली. "आत्ताच कुणाला फोन करत नाही मी," तो म्हणाला. "बघू."

बघूच. उद्याचं डॉक्टरांनीही सांगितलं नव्हतं.

गोठ्यातून मामांचा आवाज आला. "शालन, आन की आता!"

"ऊन करून आनते," आत्या ओरडल्या. ताटली काढली, पेल्यातल्या गार दुधाकडं पाहिलं, आणि उभ्याउभ्याच सगळं पिऊन टाकलं. या घरात पेलाभर दूध स्वतःसाठी घेताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ओठांवरची साय पदरानं पुसून त्या चुलीकडं वळल्या.