हल्मिल्लेवेवचं मुकं दानसल

विपुलसार भन्तेंनी भर रस्त्यात उभं राहून बस अडवली आणि आख्खी बस जेवायला उतरवली. हे घडलेलं नाही. तसं दानसल मंडळाने एकमताने ठरवलंय, तेव्हा आपणही काही घडलं नाही असं धरून पुढे जाऊ.

आपल्या श्रीलंकेत वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, रस्त्याकडेला मांडव घालून येणाऱ्याजाणाऱ्याला फुकट जेवू घालायचं, ते दानसल. हल्मिल्लेवेवच्या मंडळाचे अध्यक्ष पुंचिराळ मामा. मामा भोंग्यावरून असं बोलवायचे, की भरल्या पोटाचा माणूसही घाबरून पंगतीला बसायचा. यंदा दानसल मामांच्या आईच्या नावाने होतं. म्हातारी माघात गेली होती. जेवणारे जितके, तितकं पुण्य तिला पोचणार, असा मामांचा साधा हिशोब.

पण विहारात विपुलसार हे नवे भन्ते आले होते. वयाने कोवळे, पालीत मुरलेले. प्रवचनात म्हणाले, "भगवंतांनी दान ओरडून द्यायला सांगितलेलं नाही. आणि पौर्णिमेला शील पाळा. मूळ शिकवण ती."

गावाला पटलं. आधीच्या भन्तेंचंही पटायचं. सगळ्यांनी पांढरे कपडे घालून शील घेतलं आणि भोंगा गोणपाटात बांधला.

शील घेतलेला माणूस दुपारनंतर जेवत नाही, हे मात्र कोणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी भात, डाळ, फणसाची भाजी तयार. खायची मुभा फक्त कुत्र्यांना. भाजीत मीठ आहे का, तेही कोणाला सांगता येईना. मेनिका मामींनी लांबून वास घेतला आणि म्हणाल्या, "असावं."

गाड्या भरधाव जात होत्या. मांडवात पांढऱ्या कपड्यांतली माणसं गप्प उभी. लोकांना मयत वाटली. एका टेम्पोवाल्याने टोपी काढली आणि वेग वाढवला.

"पुढच्या गावात आइस्क्रीम वाटतायत," मामी म्हणाल्या. "ओरडून."

मामांनी डोळे पुसले. "भन्ते, भात गार झाला. आईला आता काय पाठवू?"

"चेतना हेच कर्म, मामा. द्यायची इच्छा झाली, तिथेच दान झालं."

"मग एवढा तांदूळ कशाला धुतला? इच्छा मी घरी आडवा पडूनही केली असती. आणि इच्छा खाऊन माझ्या आईला कधी ढेकर आलेला नाही."

भन्तेंनी मनातल्या मनात बरीच सुत्तं चाळली. ढेकराचा उल्लेख सापडेना. त्यांनी मामांच्या तोंडाकडे पाहिलं, चीवर सावरलं आणि ते सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

भन्ते दिसल्यावर बस न थांबवणारा ड्रायव्हर आपल्याकडे अजून जन्मलेला नाही.

"या भन्ते, पुढची सीट रिकामी केलीय. कुठे जायचं?"

"कुठेच नाही. तुम्ही उतरा."

"आमचं काही चुकलं का?"

"जेवायचं राहिलंय."

ड्रायव्हरने पहिला घास घेतला आणि थांबला.

"मीठ दोनदा पडलंय," ड्रायव्हर म्हणाला. "भात वाढा अजून."

बस आडवी उभी, मागच्या गाड्यांना वाट नाही. अडलेला माणूस जेवतोच. बघता बघता रांग तळ्याच्या बांधापर्यंत गेली. वाढता वाढता मामी गाणं म्हणायला लागल्या आणि शीलात गाणंही वर्ज्य, हे आठवून थांबल्या.

"मामा, ते गोणपाट सोडा," भन्ते म्हणाले. "बांधावरच्यांना ऐकू जात नाहीये."

मामांनी भोंगा तोंडाशी धरला. हसू आवरेना, म्हणून आवाज शक्य तितका सरकारी केला.

"हल्मिल्लेवेव दानसल मंडळातर्फे विनंती करण्यात येते की, आमच्या मातोश्री डिंगिरी सध्या ज्या लोकी जन्मल्या असतील, तेथील संबंधित अधिकाऱ्यांनी त्यांना आजची अर्ध्या दिवसाची रजा मंजूर करावी. न्यायला गाडी मंडळ पाठवेल."