नेटखालच्या गोण्या

बटाटा कुजला की आधी गोडसर वास सुटतो, मग आंबट, आणि मग असा की माणसाला आपल्याच हातांची किळस यावी. आमच्या कुम-बुलाक गावच्या खेळाच्या हॉलात तो तिसरा वास मुक्कामाला आला होता. मागच्या पानगळीत अख्ख्या गावानं तिथं गोण्या रचल्या, वसंतात भाव चढेल म्हणून. भाव चढला नाही आणि गोण्या कुणी उचलल्या नाहीत. उन्हाळ्यात त्यांतून काळं पाणी गळून फळ्यांच्या फटींत उतरलं, माश्या घोंगावू लागल्या, आणि गाव नाकाला रुमाल लावून तिथून जायला शिकलं. घाणीची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत.

माझं नाव बुरुलचा. तरुणपणी ह्याच हॉलात गावच्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघाची लिफ्टर होते. नेटजवळ उभं राहायचं आणि स्मॅश मारणाऱ्या शूटरला बॉल उचलून द्यायचा, हे माझं काम. आता बटाटे काढते आणि पोरींना खेळ शिकवते. त्या मला एजे म्हणतात, म्हणजे ताई. हॉल गेला तेव्हा पोरींना घेऊन इस्सिक-कुल सरोवराच्या काठी वाळूत गेले. उन्हाळाभर निभलं. पण एकदा उलान, सरोवरावरचा सोसाट्याचा वारा, सुटला की तिथं उभंही राहवत नाही, आणि जिल्ह्याचे सामने डिसेंबरात, लाकडी फळ्यांवर. हॉल मिळाला नाही तर पोरींचा संघ मोडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून कुणी हलत नव्हतं.

सप्टेंबर सरता सरता कुबातची ट्रॉली हॉलाच्या दारात लागली. कुबात गावप्रमुख, माझ्याच वर्गातला, एके काळचा नावाजलेला शूटर. जुन्या कुजक्या ढिगावर नवा माल टाकायला निघाला होता. मी दारात आडवी उभी राहिले.

"ह्या घाणीवर नवा बटाटा टाकतोस? शरम हाय का काय?"

कुबात सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. एक टरफल त्यानं उंबऱ्यावर थुंकलं.

"माल गावाचा हाय, बुरुलचा. आन् त्या ढिगात तुज्या मेदेतच्या नऊ गोण्या हायत, बराबर नेटखाली. त्यांचा वास तुला येत न्हाई व्हय?"

माणसं हसली. खोटं नव्हतं ते. गोण्या माझ्या नवऱ्यानं नेल्या होत्या आणि भरताना त्यांची तोंडं मी धरली होती. वर्षभर मी दुसऱ्यांच्या गोण्यांना शिव्या घालत होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय.

माझ्या मागं आयजार्किन उभी होती. संघातली सगळ्यात उंच पोर आणि जिभेनं तिखट.

"कुबात बायके," ती म्हणाली; थोरल्या गड्याला आमच्यात बायके म्हणतात. "आमच्याबी गोण्या हायत आत. समद्यांच्याच काढा की."

"तुमी वाळूत उड्या मारताच हाय न्हवं? मारा तितंच. पोरींच्या खेळासाठी गाव उपाशी ठिऊ का?"

"तुमी आमच्याबरोबर वाळूत उतरा," आयजार्किन म्हणाली. "मग कळंल कुणाचा खेळ."

"उतरतो की. जावयाला घिऊन उतरतो. नेट मात्र गड्यांच्या उंचीचं पायजे."

"बांधा आभाळाला."

दाराशेजारच्या बाकावर सोरोनबाय आगाय बसले होते. आगाय म्हणजे मास्तर; आम्हा सगळ्यांना खेळ त्यांनीच शिकवलेला, आता ऐंशीला टेकलेले.

"आन् पोरी जिंकल्या तर?" त्यांनी विचारलं.

"हॉल रिकामा करीन, आगाय. झाडून दीन." कुबात हसत होता.

आगायनी दोन्ही तळवे वर धरले. "चांगल्या बोलाला यश यिऊ दे," म्हणाले आणि तळवे तोंडावरून फिरवले. जमलेल्या सगळ्यांनी फिरवले. कुबातनंही, सवयीनं, बियांचा हात तसाच. फिरवून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं. पण आमच्यात तळवे तोंडावरून उतरले की शब्द पक्का झाला. त्यानंतर मागं फिरणाऱ्याच्या घरी कुणी चहासुद्धा पीत नाही.

दुसऱ्या दिवशी अख्खं गाव काठावर. वाळूत दोघांविरुद्ध दोघी, एकच डाव, एकवीस पॉइंटांचा. शिट्टी आगायची.

"वाळूचं नेम लागतील," त्यांनी बजावलं. "हॉलावानी बोटांच्या टोकानं बॉल ढकलून पलीकडं टाकायचा न्हाई. ऐकलंस का कुबात?"

"ऐकलं, ऐकलं." त्याचं लक्ष जावयाला जागा दाखवण्यात होतं.

पहिले सात पॉइंट बघवत नव्हते. कुबातचा स्मॅश अजून तसाच होता, वाळूत खड्डा पडे. दर पॉइंटाला तो पोटावर थाप मारी आणि माणसं आरोळ्या ठोकत. हीच माणसं माझ्या दारात येऊन 'पोरींसाठी कायतरी करा' म्हणून हळहळत.

मी पोरींना जवळ बोलावलं. आयजार्किनच्या जोडीला बेगायिम होती, माझ्यासारखीच लिफ्टर, बुटकी आणि थंड डोक्याची.

"स्मॅश बंद. त्या नेटवरनं तुमचा हात पोचत न्हाई. बॉल मागच्या कोपऱ्यात टाका, मग फुडच्या, मग परत मागं. त्याला पळवा. आन् सर्व्हिस वाऱ्याच्या तोंडावर करा, मंग बॉल त्यांच्या फुडंच पडतो."

वाळू फसवी असते. लाकडावर पाय मारला की ते तुम्हाला वर फेकतं, वाळू तो जोर खाऊन टाकते. दहा पॉइंटांनंतर कुबातची उडी गुडघ्याएवढी राहिली. तो धापा टाकी, जावयाला शिव्या घाली. जावई बिचारा सर्व्हिस डोक्यावर दोन्ही हातांनी घ्यायचा, हॉलातल्यासारखा, वाळूत ते चालत नाही, म्हणून प्रत्येक वेळी शिट्टी वाजायची. पोरी उन्हाळाभर ह्याच वाळूत भाजल्या होत्या. त्या मुकाट खेळत होत्या.

वीस-अठरा. पोरींना एक हवा होता.

बेगायिमनं सर्व्हिस केली. जावयानं ह्या वेळी हात जोडून ती नीट घेतली आणि बॉल थेट नेटजवळ कुबातला चढवला. आयजार्किन ब्लॉकला उडाली. तिच्या पाठची वाळू मोकळी, बेगायिम अजून मागच्या रेषेवर. जुना शूटर तो, त्याला ते दिसलं. स्मॅशचा हात उगारला आणि ऐन वेळी बोटं उघडून बॉल तिच्या हातांवरून अलगद ढकलला. बॉल मोकळ्या वाळूत पडला. कुबातनं दोन्ही हात वर केले.

शिट्टी वाजली. आगायचा हात पोरींकडं होता.

"बोटांनी टाकलास," ते म्हणाले. "एकवीस."

"आगाय, जल्मभर तुमच्याच हॉलात ह्योच बॉल टाकलाय म्या. तुमीच शिकवलाय."

"हॉलात चालतो, लेका," आगाय म्हणाले. "पर हॉलात बटाटं हायत."

कुबात गुडघ्यांवर हात टेकून वाळूकडं बघत राहिला.

एक मात्र सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी फावडं घेऊन सगळ्यांत आधी तोच आला. तोंड वाकडं, पण आला. मग काल त्याच्या नावानं आरोळ्या ठोकणारेही आले, जसं काही हॉल त्यांनीच सोडवला होता. गोणी धरली की हातात चिंध्या यायच्या आणि आतला चिकट लगदा बुटांवर सांडायचा, अळ्यांसकट. आमच्या नऊ गोण्या सगळ्यांत खाली निघाल्या, बरोबर नेटखाली. त्या मी आणि मेदेतनं कुणाला हात लावू न देता काढल्या. शेवटची ओढताना माझा पाय फळीतून खाली गेला. लिफ्टर उभी राहते ती जागा. वीस वर्षं मी तिथं उभी होते, आणि माझ्याच बटाट्यांनी ती खाल्ली होती.

कुबातनं ट्रॉलीची एक फळी उखडून दिली. तिथं ठोकली. चुना लावला, दोनदा उकळत्या पाण्यानं धुतलं, दारं पंधरा दिवस उघडी टाकली.

नोव्हेंबरात पोरी आत खेळू लागल्या. पहिल्याच दिवशी बेगायिम त्या नव्या फळीवर उभी राहिली, बॉल उचलायला हात वर केले आणि नाक मुरडलं.

"एजे, हितं अजून वास येतोय. कुणाच्या गोण्या हुत्या हितं?"

"माझ्या," मी म्हटलं. "बॉल बघ."