तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मध्ये

समाधान ओव्हाळ पाटबंधारे खात्यात आरेखक होता. कालवे, सांडवे, दरवाजे यांचे नकाशे काढण्यात वीस वर्षं गेली होती आणि त्याचा हात असा बसला होता की पट्टी न लावताही रेघ सरळ यायची. अकरा वर्षांपूर्वी बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात त्याला आयकिडोचं एक इंग्रजी पुस्तक मिळालं. समोरच्याचाच जोर वापरून त्याला लोळवायच्या या जपानी कलेबद्दल त्याने तोवर फक्त ऐकलं होतं. पुस्तकात प्रत्येक डावाला चार चित्रं होती. पहिल्यात कुणीतरी मनगट धरलेलं, चौथ्यात धरणारा जमिनीवर.

त्याने ते पुस्तक नुसतं वाचलं नाही, एका वहीत मराठीत उतरवून काढलं. चित्रं पुन्हा काढली, कोपराचे कोन अंशांत लिहिले, पावलांखाली बाण दाखवले. त्याची चित्रं मूळ पुस्तकापेक्षा स्पष्ट होती, हे पाहणारा कुणीही म्हणाला असता. सकाळी ऑफिसला जाण्याआधी तो गच्चीवर एकटाच सराव करायचा. समोर माणूस आहे असं धरून.

येरवड्यात त्यांच्या वसाहतीतल्या बायकांनी मुलींसाठी काहीतरी सुरू करायचं ठरवलं, तेव्हा शेजारची शालन त्याच्याकडे आली.

"समाधानभाऊ, तुम्हाला ते जपानी येतं ना? आमच्या पोरींना शिकवा."

"अहो, मी पुस्तकातून शिकलोय. कुणी गुरू नाही मला."

"आपली माणसं पुस्तकातूनच वर आली," शालन म्हणाली. "तुम्ही काय वेगळं केलंत?"

त्याला हे बोलणं फार आवडलं. त्याचे वडील रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून मॅट्रिक झाले होते. पुस्तकात असतं ते खरं असतं आणि नीट वाचलं की ते आपलं होतं, यावर त्याच्या घरात कधी कुणी शंका घेतली नव्हती.

विहाराच्या सभागृहात दर रविवारी सकाळी वर्ग भरू लागला. पाच वर्षं चालला. चौदा मुली होत्या आणि त्यांत सगळ्यांत चांगली शालनची आम्रपाली. ती कॉलेजात असताना आली आणि खराडीत एका कंपनीत ग्राहकसेवेच्या कामाला लागली, तरी रविवार चुकवत नव्हती. समाधानने मनगट धरायला सांगायचं, तिने धरायचं, त्याने हात फिरवला की ती अलगद गादीवर पडायची. मग तिने तेच दुसरीवर करायचं आणि दुसरीने पडायचं. बघणाऱ्या आया टाळ्या वाजवायच्या.

मार्चमधल्या एका संध्याकाळी, सहा-सव्वासहाला, आम्रपाली ऑफिससमोरच्या बसथांब्यावर उभी होती. आठवडाभर एक माणूस तिच्या मागे घुटमळत होता. त्या दिवशी तो जवळ आला, तिचा नंबर मागू लागला आणि ती बाजूला सरकली तेव्हा त्याने तिचं उजवं मनगट पकडलं. थांब्यावर वीस-पंचवीस माणसं होती. आम्रपाली ओरडली नाही. तिने शिकवल्याप्रमाणे हात फिरवला. तो माणूस हलला नाही. तिने पुन्हा फिरवला, तेव्हा त्याने रागाने हिसका दिला. ती फुटपाथच्या कडेवर आदळली आणि मनगट अंगाखाली सापडलं. मग लोक धावले. तो पळाला, दोन दिवसांनी पोलिसांना सापडला. आम्रपालीच्या मनगटाची दोन हाडं मोडली होती.

समाधान दवाखान्यात गेला तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. प्लास्टर कोपरापर्यंत होतं. तिने डाव्या हाताने हवेत तो डाव करून दाखवला.

"सर, मी असंच केलं. दोनदा केलं. माझं कुठे चुकलं?"

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "कोपर खाली गेलं नसेल तुझं. घाईत होतं तसं."

"हो, असेल," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

शालनने त्याला खुर्ची पुढे केली. तो बसला नाही, ऑफिसात काम आहे म्हणून निघाला. त्या दिवशी रजा होती.

घरी आल्यावर त्याने ती वही काढली आणि डावाची चारही चित्रं पुन्हा पाहिली. तिसऱ्यात धरणारा सरळ उभा होता, चौथ्यात खाली होता. मध्ये काय झालं हे पुस्तकात नव्हतं. त्याच्या वहीत एक बाण होता, तो त्याने स्वतःच्या अंदाजाने काढलेला होता.

दीपाली, त्याची बायको, स्वयंपाकघरात होती. तो आत गेला.

"माझा हात धर. घट्ट धर आणि काही झालं तरी सोडू नकोस."

"आत्ता? कुकर लावलाय."

"आत्ताच."

तिने हात पुसले आणि धरला. दीपालीने चौथ्या मजल्यावर पाणी चढवण्यात बरीच वर्षं घालवली होती, तिची पकड चांगली होती. त्याने हात फिरवला. कोपर खाली नेलं, बाणाप्रमाणे पाऊल टाकलं. काही झालं नाही. पुन्हा केलं, या वेळी जोर लावला, दीपाली थोडी हलली पण तिने सोडलं नाही. तिसऱ्यांदा त्याला दम लागला. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हात सोडला आणि गॅस बारीक करायला वळली.

कर्वेनगरमध्ये एक बाई आयकिडो शिकवतात असं त्याला ऑफिसातल्या कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा तो गेला नव्हता. कामं असतात, लांब पडतं, अशी कारणं होती. आता गेला. स्पृहा नावाची ती बाई त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं, वही चाळली आणि म्हणाली, "चित्रं सुंदर आहेत. चुकीची नाहीत."

"मग?"

"उठा. मी धरते, तुम्ही करा."

तिने मनगट धरलं. त्याने अकरा वर्षांचं जे होतं ते सगळं केलं. ती उभीच राहिली.

"तुम्ही तुमचा हात सोडवायला बघताय," ती म्हणाली. "मी हात धरलेला नाही, तुम्हाला धरलंय. माझं वजन कुठे आहे, सांगता येईल?"

त्याला सांगता येईना.

"आता तुम्ही मला धरा. खरं धरा."

त्याने धरलं. ती त्याच्या बाजूला सरकली असावी, कारण ती समोर दिसेना, आणि तो गुडघ्यावर होता. दुखलं नव्हतं. तो कधी वाकला, हेही त्याला कळलं नव्हतं. त्याने पुन्हा करायला सांगितलं, मग पुन्हा. चौथ्या वेळी त्याला पुसटसं जाणवलं, की पडण्याच्या क्षणभर आधी त्याची टाच उचलली गेली होती. ती टाच कुठल्याच चित्रात नव्हती.

"तुमच्या वर्गात मुली पडायच्या?" स्पृहाने विचारलं.

"सगळ्या पडायच्या."

"का पडायच्या?"

मुली पडत होत्या कारण तो सर होता. वडलांच्या वयाचा, वसाहतीतला मोठा माणूस. त्याने हात फिरवला की पडायचं असतं, एवढं त्यांना कळत होतं.

"आणि एक सांगते," स्पृहा म्हणाली. "ती मुलगी माझ्याकडे तीन वर्षं असती, तरी मी तिला सांगितलं असतं, आधी ओरड, मग पळ. बाकीचं नंतर."

बसमध्ये परत येताना त्याला वैष्णवी आठवली. दोन वर्षांपूर्वी एक नवीन मुलगी आली होती, आडमुठी, सोळा वर्षांची. त्याने डाव केला आणि ती पडली नाही, नुसती त्याच्याकडे बघत राहिली. सगळा वर्ग बघत होता. "अंग सैल सोड," तो तिला म्हणाला होता. "शिकायला आलीस ना? मग ताठा कशाला?" सगळ्या हसल्या. पुढच्या रविवारी वैष्णवी आली नाही, आणि ती आली नाही याचं त्याला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं त्याला आता स्पष्ट आठवत होतं.

तो थेट शालनच्या घरी गेला. आम्रपाली पुढच्या खोलीत होती. लॅपटॉपवर डाव्या हाताने काहीतरी करत होती.

"तुझं काही चुकलं नव्हतं," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "कोपराचं मी उगाच बोललो. मलाच ते येत नाही."

तिने लॅपटॉप मिटला. "येत नाही म्हणजे?"

त्याने सांगितलं. दीपालीचं सांगितलं, स्पृहाचं सांगितलं.

"आधी कधी शंका आली नाही तुम्हाला?"

नाही म्हणता आलं असतं. त्याने वैष्णवीचंही सांगितलं.

"दोन वर्षं," आम्रपाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "दोन वर्षं मी त्या स्टॉपवर उभी राहत होते. बाकीच्या मुली ग्रुपने जायच्या, मी एकटी जायचे. तो माणूस आठवडाभर मागे होता, मी घरी बोलले नाही, ऑफिसात बोलले नाही. मला वाटलं, मी बघून घेईन. एवढी माणसं होती तिथे सर. मी ओरडलेसुद्धा नाही."

त्याची नजर तिच्या प्लास्टरवर गेली.

"बाकीच्या तेरा जणींना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग इथे काय करताय?"

शालन चहा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं असणार. "चहा घ्या, भाऊ," ती म्हणाली. तो चहा त्याला नाकारताही येईना आणि पिताही येईना. शेवटी प्यायला.

रविवारी त्याने मुलींबरोबर आयांनाही बोलावलं. गाद्या घातल्या नाहीत. त्याने वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलीला हात घट्ट धरायला सांगितलं आणि तिला सोडू नकोस म्हणून बजावलं. मग पाच वर्षं शिकवलेला डाव त्याने केला आणि तो होत नाही हे सगळ्यांनी पाहिलं. मुलगी घाबरून पडायला लागली, तेव्हा त्यानेच तिला सावरलं. "पडू नकोस," तो म्हणाला. "मी पाडलेलं नाही तुला."

"बरं झालं, लवकर सांगितलंत," एका मुलीची आई म्हणाली. "पाचच वर्षं झाली."

वर्ग बंद झाला. चार मुली कर्वेनगरला जाऊ लागल्या, बाकीच्या पांगल्या. तो वैष्णवीच्या घरीही गेला. ती दारातूनच म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं," आणि अभ्यास आहे म्हणून आत गेली.

तोही स्पृहाकडे जाऊ लागला. पहिले दोन महिने तिने त्याला फक्त पडायला शिकवलं. अठरा-वीस वर्षांची पोरं भराभर पडून उठायची, तो सेहेचाळिसाव्या वर्षी खांदा धरून उठायचा. घरी शेकायला दीपाली गरम पाण्याची पिशवी द्यायची. तो काही लिहून घेत नव्हता. कधी कधी एखादी गोष्ट अंगाला कळायची आणि पुढच्या वेळी पुन्हा निसटायची. चांगलं चाललंय, असं त्याला एकदाही वाटलं नाही.

आम्रपालीचं प्लास्टर निघालं. मनगट पूर्वीसारखं वळत नव्हतं, जास्त टाइप केलं की दुखायचं. जिन्यात दिसली तर ती मान हलवायची, बोलायची नाही. शालन मात्र पूर्वीसारखीच बोलायची, आणि ते जास्त जड जायचं.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी, तो ऑफिसात असताना, आम्रपालीचा फोन आला.

"सर, आमच्या कंपनीत मुलींसाठी स्वसंरक्षणाचं शिबिर ठेवलंय. एका दिवसात सगळं शिकवतो म्हणतो एक जण. व्हिडिओत तो माणसं पाडतो, सगळी पटापट पडतात." ती थोडी थांबली. "तुम्हाला असलं ओळखू येत असेल आता. शुक्रवारी येऊन बघाल?"

"येतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "पण मला तरी नक्की काय कळणार आहे? आठच महिने झालेत."

"नाही कळलं तर नाही कळलं म्हणून सांगा," आम्रपाली म्हणाली. "साडेतीनला या. गेटवर माझं नाव सांगा."

तिने फोन ठेवला. समाधानने शुक्रवारच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.